मारुखाचे नवे पाटे

मंगळवार, ३ जून

नोएमीनं आज जेवताना माझ्या ताटाशेजारी ही वही आपटली. म्हणाली, "लिबार्दो, लग्न झाल्यापासून मी प्रत्येक घासाला गाडी ऐकतेय. कान किटले माझे. आता जे काय सांगायचं ते हिला सांग." वहीवर कॉफी सोसायटीचं चित्र आहे, आत पानं कोरी. बरं तर. बायकोपेक्षा वही बरी, मध्येच उठून भांडी घासायला जात नाही.

आजची बातमी. मारुखाचे शॉकअप मेले.

मारुखा म्हणजे माझी विलीज जीप, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नाव सासूबाईंचं. दोघीही चढावर कुरकुरायच्या, पण अर्ध्या वाटेत कोणाला कधी टाकलं नाही. रोज पहाटे मी तिच्यातून वरच्या वाड्यांवर माणसं, कोंबड्या, खताच्या गोणी नेतो आणि येताना केळीचे घड, कॉफी आणतो. माझी मुलगी यामिले वरच्या शाळेत शिकवते. शाळेला लागल्यापासून माझ्याच शेजारी बसून जाते आणि आजवर तिला कधी गाडी लागली नव्हती. आज लागली! तिसऱ्या वळणावर "आपा, थांबवा," म्हणाली, उतरली आणि कॉफीच्या झाडांत जाऊन भडाभडा ओकली. कालही म्हणे शाळेत पोचल्यावर तसंच झालं होतं.

परत आल्यावर मी मागच्या बंपरवर उभा राहून चांगला नाचलो. उतरलो तरी मारुखा डुलतेच आहे, डुलतेच आहे. चांगल्या शॉकअपची गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितले तर तेही सपाट पडलेले, कमान अशी राहिलीच नाही. म्हणजे निदान झालं. पोरीच्या पोटाचं दुखणं माझ्या गाडीच्या बुडाशी आहे!

नोएमीला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "हो. तेच असणार." गाडीच्या बाबतीत ह्या बाईनं माझं इतक्या पटकन कधी मान्य केलं नव्हतं. मला धन्य वाटलं.

गुरुवार, ५ जून

आन्सिसारच्या भट्टीवर गेलो. पाटे ठोकण्यात किंदीओच्या डोंगरात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि हे तो स्वतःच भेटेल त्याला सांगत असतो.

"काय पाहिजे तुला?" त्यानं विचारलं. "गाढव की घोडा?"

भिंतीला दोन जोड टेकवलेले होते. गाढव म्हणजे अकरा पाट्यांचा जोड, ट्रकच्या पोलादाचा, जाडजूड. त्याच्याबरोबर गॅसचे कडक शॉकअप. पाठीवर चर्च ठेवलं तरी वाकणार नाही, पण रिकामी गाडी हाडं खिळखिळी करणार. घोडा म्हणजे सात पाट्यांचा जोड, पातळ आणि लांब, मोठ्या कमानीचा, बरोबर तेलाचे मऊ शॉकअप. झोपाळ्यात बसल्यासारखं वाटेल, पण ओझं टाकलं की बूड रस्त्याला टेकणार.

"दोन्ही एकत्र नाही का होत?"

"होतं की. पण त्याला वेळ लागतो आणि तुला धीर नाही."

धीर कसा असेल? जत्रा ह्याच महिन्यात. शेवटच्या रविवारी बिऱ्हाडाची शर्यत. एका जीपवर अख्खं घर चढवायचं, खाट, गादी, चूल, मक्याचं जातं, येशूची तसबीर, कोंबड्यांचा पिंजरा, म्हातारीचं तस्त, सगळं, आणि घरची माणसं त्यात बसवून चौकात यायचं. चौकाच्या तोंडाशी रस्त्याला आडवी मोरी आहे. तिच्यावरून उडी मारायची. ज्याचं बिऱ्हाड सगळ्यात उंच आणि उडी सगळ्यात दणक्याची, आणि एक चमचाही खाली पडत नाही, तो जिंकला.

तीन वर्षं आमच्याच वाटेवर जीप चालवणारा तार्सिसिओ जिंकतोय. तीनही वर्षं दुसरा मी. ह्या वर्षी तो जिंकला तर नियमाप्रमाणे कप कायमचा त्याच्या घरी. तो कप माझ्या बापानं दोनदा जिंकलेला आहे. तार्सिसिओच्या फडताळात तो जन्मभर बसलेला मला बघवणार नाही.

म्हणजे गाढव. पण पोरीची ओकारी? शॉकअप नवे आले की डुलणं थांबेल, डुलणं थांबलं की ओकारी थांबेल. एका दगडात दोन पक्षी.

शनिवार, ७ जून

यामिलेनं सकाळी कॉफी नको म्हटली. कॉफी! माझ्या घरात!

"वास नको वाटतो, आपा."

"अगं, ह्या वासात तू जन्मलीस!"

तिचा नवरा दुबेर्नेइ दोन्ही कप मुकाट्यानं प्यायला. हा आमचा जावई सुतार आहे, आमच्याकडेच राहतो, आणि दिवसाकाठी चार शब्द बोलतो. आज एकही नाही बोलला, नुसता हसला.

मी पाट्यांचं सांगितलं तर यामिले म्हणाली, "आपा, मऊ घ्या."

"मऊ पाट्यांवर बिऱ्हाड बसतं का?"

"बिऱ्हाड एक दिवस बसणार. मी रोज बसते."

नोएमीही म्हणाली, मऊच घे. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. बायकांना पाट्यांत कधीपासून रस?

खरं सांगायचं तर पोरीची काळजी वाटते. गेल्या सप्टेंबरात ती दोन दिवस दवाखान्यात होती. काय झालं विचारलं तर नोएमी म्हणाली, "बायकांचं काहीतरी. तू गाडी बघ." मी गाडी बघितली. तेव्हापासून पोरगी गप्प गप्प असायची, शाळेतून आली की खोलीत जाऊन दार लावायची. माझी बडबडी पोर! आता महिनाभरापासून पुन्हा गुणगुणायला लागलीय, आणि नेमक्या त्यातच ह्या उलट्या. ती पुन्हा गप्प झालेली मला चालणार नाही. उद्याच आन्सिसारला गाठतो.

बुधवार, ११ जून

बसवले! अकराही पाटे, चारही गॅसचे शॉकअप, नवे बुश, नव्या कड्या. आवे मारीया, काय दिसतेय मारुखा! मागून चार बोटं उंच झालीय. बंपरवर उड्या मारल्या, मी आणि दुबेर्नेइ दोघांनी, तर जागची हलली नाही. चौकातून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. तार्सिसिओ न्हाव्याकडे दाढी करत बसला होता, तोंडाला फेस, तरी मान वळवून बघत राहिला. न्हावी ओरडला त्याच्यावर.

रिकामी असताना जरा दणकते. जरा म्हणजे दात वाजतात. माणसं बसली की निवळेल.

गुरुवार, १२ जून

लिहायला हात उचलत नाही.

सकाळी निघालो. पहिल्या वळणापर्यंत यामिले दांडी घट्ट धरून होती. दुसऱ्या वळणावर ती सीटवरून अर्धी उठली आणि तशीच अधांतरी राहिली. "आपा, थांबवा." थांबवली. उतरली. ओकली नाही. शाळेची पिशवी पोटाशी धरून उभी, चेहरा पांढराफटक.

"मी चालत जाते."

"वेडी का काय? हा चढ चालत?"

एवढ्यात मागून भोंगा वाजला. तार्सिसिओची 'मारिस्काल', मागे खताच्या गोणी लादलेली. आणि माझी पोर, माझ्या हाडामांसाची, माझ्या देखत, त्याच्या शेजारी जाऊन बसली! तो माणूस इतक्या हळू गेला की एक कुत्रं त्याच्या पुढे चालत होतं. माझ्या गाडीतल्या बायका सगळं बघत होत्या. एक म्हणाली, "बरं केलं पोरीनं." कोणी काय बरं केलं?

तळपायाची आग मस्तकात गेली. नोएमी म्हणाली, "कडक पाटे तूच निवडलेस." म्हणजे हिचंही तेच.

शनिवार, १४ जून

तीन दिवस झाले, पोरगी तार्सिसिओच्या गाडीतून जातेय. अख्खं गाव बघतंय. आज चौकातल्या कॉफीच्या दुकानात तो स्वतःच माझ्या टेबलाशी आला, टोपी काढून.

"दॉन लिबार्दो, रागावू नका, एक सांगू? पाटे मऊ करा."

"अस्सं! म्हणजे शर्यतीत माझं बूड रस्त्यावर घासेल आणि कप तुमच्या घरी!"

"कप तसाही माझ्याच घरी येतोय. मी पोरीसाठी सांगतो. मला पाच मुलं आहेत."

"पाच मुलांचा आणि पाट्यांचा काय संबंध?"

त्यानं हातातली कॉफी संपवली, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "काही नाही. आन्सिसारला विचारा, त्याला सहा आहेत."

डाव आहे हा. माझ्या पोरीला पुढे करून माझे पाटे मऊ करायचे आणि माझ्याच डोक्यावर मिरे वाटायचे. मी काय दुधखुळा आहे?

रविवार, १५ जून

आज बापांचा दिवस. नोएमीनं राजमा आणि डुकराच्या कुरकुरीत पट्ट्या केल्या होत्या. मी तोंड फुगवून बसलो होतो. जेवण झाल्यावर यामिलेनं एक लांबट खोकं समोर ठेवलं, वर लाल फीत. मला वाटलं, दरवर्षीसारखा सदरा. उचललं तर जड. फोडलं तर आत चार शॉकअप. तेलाचे. मऊ.

"मी आणि दुबेर्नेइनं बोगोताहून मागवलेत," ती म्हणाली. "आपा, मला तुमच्याच गाडीतून जायचंय. तार्सिसिओ चांगला माणूस आहे, पण तो गाणं म्हणत नाही."

मी गाडी चालवताना गाणं म्हणतो. बेसूर म्हणतो. आजवर सगळ्यांनी कान झाकलेत.

"घशात पट्टी अडकली," म्हणालो आणि पाणी प्यायलो. दुबेर्नेइनं पाठीवर थोपटलं. मग तो म्हणाला, "चांगले आहेत ते." तीन शब्द! त्याच्या मानानं भाषणच झालं.

कप गेला खड्ड्यात असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? कपही पाहिजे आणि पोरगीही पाहिजे.

मंगळवार, १७ जून

आन्सिसारपुढे अकरा पाटे नेऊन टाकले आणि खोक्यातले शॉकअप मांडले. "घोडा पण नको, गाढव पण नको. तू म्हणाला होतास ना, दोन्ही एकत्र होतं? ते कर."

"म्हणजे खेचर," तो म्हणाला.

मी नाक मुरडलं. तो भडकला. "खेचराला नाव ठेवतोस? ह्या डोंगरातली कॉफी उतरवली कोणी? तुझ्या आजानं काय घोड्यावरून उतरवली? तुझी ही जीप येण्याआधी इथं खेचरंच होती, आणि लोक अजून जीपला लोखंडी खेचरच म्हणतात!"

मग त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. वर सहा पातळ पाटे, मोठ्या कमानीचे. ते रोजची माणसं झेलणार. आणि सगळ्यात खाली एक जाड, सरळ पाटा, वरच्यांना टोकाशी न टेकणारा, मध्ये बोटभर फट. गाडी हलकी असेल तेव्हा तो नुसता लटकणार. बिऱ्हाड चढलं, वरचे वाकून खाली आले, की त्याच्यावर टेकणार आणि मग सगळं ओझं तो घेणार.

"ह्याला मी आळशी काका म्हणतो," आन्सिसार म्हणाला. "एरवी नुसता पडून. घर हलवायची वेळ आली की खांदा लावतो. पण काका नीट ठोकला पाहिजे. फट जास्त राहिली तर वेळेवर येत नाही, कमी राहिली तर रोज लुडबुडतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी तू कपासाठी आला होतास. आज कशासाठी आलास?"

"पोरीसाठी."

"हां. तिला गाडी लागते म्हणून."

"नाहीतर कशासाठी?"

त्यानं भाता इतक्या जोरात ओढला की ठिणग्या माझ्या सदऱ्यावर आल्या. म्हातारा खोकत होता की हसत होता, कळलं नाही.

शुक्रवार, २० जून

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही! काका जन्मला. पोलादाची पट्टी भट्टीत घातली, ती आधी काळी, मग जांभळी, मग पिकल्या कॉफीच्या दाण्यासारखी लाल झाली. मी भाता ओढत होतो, आन्सिसार घण मारत होता आणि शिव्या देत होता, मला, पोलादाला, सरकारला. मग तेलात बुडवली. असा फणकारा उठला की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली. मग पुन्हा हलकी ऊब देऊन निववली. न निववता बसवलेला पाटा कडक खरा, पण काचेसारखा तुटतो म्हणे. कडकपणा आधी आणायचा आणि मग थोडा काढून घ्यायचा.

आन्सिसारनं फट बोटानं मोजली, मान हलवली, पुन्हा घासला, पुन्हा मोजली. धीर सुटल्यासारखा मीच नाचत होतो. घरी आलो तर अंगाला तेलाचा वास. यामिलेला तो वास चालतो म्हणे. कॉफीचा चालत नाही!

रविवार, २२ जून

परीक्षा झाली. मागे मऊ खेचर, चारी कोपऱ्यांत पोरीचे शॉकअप. नोएमीनं शेजारच्या सीटवर टोपलीभर कच्ची अंडी ठेवली. "फुटली तर ऑम्लेट. नाही फुटली तर पोरगी बसेल."

मी वरच्या शाळेपर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत एकही दगड चुकवला नाही, मुद्दाम शोधून शोधून घेतले. मारुखा एकदा खाली जाते, एकदा वर येते आणि गप्प. एकदाच! मी एकटाच गाडीत ओरडत होतो, गाणं म्हणत होतो. खाली आलो तर यामिले दारात उभी. नोएमीनं एकेक अंडं उजेडात धरून बघितलं. एकाला चीर गेली होती.

"ते आधीपासूनच चिरलेलं होतं," यामिले म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडली.

मग उलट परीक्षा. सोसायटीच्या दारात कॉफीची पोती चढवली, चढवतच गेलो. मारुखा बसायला लागली, बसायला लागली, आणि खालून 'टक्' झालं. काका टेकला! त्यापुढे पोती चढली तरी ती बोटभरही बसली नाही.

सोमवारपासून पोरगी माझ्या गाडीत. तार्सिसिओ, बघून घेतो तुला.

शुक्रवार, २७ जून

नोएमी आणि यामिलेला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिच्या पोटाची तपासणी. मी बाहेर मारुखापाशी थांबलो आणि एका टॅक्सीवाल्याला फट कशी मोजतात ते समजावलं. त्याला फार रस नव्हता.

दोघी बाहेर आल्या त्या रडत आणि हसत. मी टॅक्सीवाल्याला सोडून धावलो. "काय झालं?"

"काही नाही, आपा. डॉक्टर म्हणाले, सगळं अगदी छान आहे."

"मग रडताय कशाला?"

"छान आहे म्हणून," नोएमी म्हणाली आणि माझ्याच सदऱ्याला नाक पुसलं.

मी म्हणालो, बघ, शॉकअप बदलले की नाही फरक पडला? दोघी पुन्हा हसायला लागल्या, थांबेचनात. बायकांचं गणित मला ह्या जन्मी सुटणार नाही. येताना यामिले म्हणाली, रविवारी मीही बिऱ्हाडात बसणार, तुमच्या शेजारी. मी चौकापर्यंत भोंगा वाजवत आलो.

शनिवार, २८ जून

आज बिऱ्हाड बांधलं. खाट, गाद्या, चूल, जातं, तसबीर, तस्त, पिंजऱ्यात दोन कोंबड्या. दोर असा आवळला की वाजवला तर सूर निघेल. उंची तार्सिसिओपेक्षा नक्की जास्त. मी उतरणार तेवढ्यात दुबेर्नेइ आतून पाळणा घेऊन आला. यामिलेचाच जुना पाळणा, पण घासून नवा केलेला, निळा रंग दिलेला, कडेला नवीन दांड्या.

मला भरून आलं. बघा, सगळं घर शर्यतीला कसं लागलंय! जावई रात्र रात्र रंधा मारत होता तो ह्यासाठी होय. पण खरं ते बोललोच. "एवढी मेहनत कशाला? मोडका चालला असता. आणि वर जागाच नाही."

"सगळ्यात वर बांधा, आपा," यामिले म्हणाली. "सगळ्यांना दिसेल असा."

"रिकामा पाळणा वाऱ्यानं हलेल. त्यात भोपळा तरी ठेवू?"

"नको. रिकामाच राहू दे. आत्ता."

मग मीच चढलो, मीच बांधला, चारी दांड्यांना दुहेरी गाठ मारली. खाली तिघं ओळीत उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन अशी. मी म्हणालो, "गाठ पक्की आहे." नोएमीनं कपाळावर हात मारून घेतला. उद्या जिंकायचं आहे आणि हिला नाटकं सुचतात.

रविवार, २९ जून

सगळं ओळीनं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

चौक माणसांनी फुललेला. बँड, फटाके, भाजलेल्या मक्याचा धूर. माझा नंबर तार्सिसिओच्या आधी. शेजारी यामिले, मागच्या पायरीवर दुबेर्नेइ आणि नोएमी. चर्चच्या चढाला लागलो तेव्हा काका कधीच टेकला होता आणि मारुखा सरळ कण्यानं चढत होती. लोक ओरडत होते. मी आयुष्यात इतका खुश कधी नव्हतो! मग माझ्या लक्षात आलं, लोक वर बघून टाळ्या वाजवतायत. बायका छातीवर क्रूस काढतायत. एका म्हातारीनं यामिलेकडे फूल फेकलं. मी मनात म्हटलं, माझी गाठ बघतायत.

मोरी समोर आली. गर्दी ओरडायला लागली, "उडी! उडी!" मी दुसरा गिअर टाकला, पाय दाबला. कर्ण्यावर पंचांचा एक माणूस बोलत होता, "आली आली मारुखा! खाट आहे, चूल आहे, आणि वर काय बघा, मंडळी, पाळणा! सध्या रिकामा!" आणि अख्खा चौक हसला.

सध्या?

मी शेजारी बघितलं. उडी घ्यायची म्हणजे माणूस दांडी धरतो. लहान मूलसुद्धा दांडी धरतं. यामिलेचे दोन्ही हात पोटावर होते.

उलट्या. कॉफी. मऊ पाटे. तार्सिसिओची पाच मुलं. अंडी. सप्टेंबर. सगळं त्या एका क्षणात माझ्या टाळक्यात शिरलं, कोणी घणानं ठोकावं तसं.

ब्रेकवर उभा राहिलो. अक्षरशः उभा. मारुखा मोरीच्या तोंडाशी थांबली. मग मी पहिला गिअर टाकला आणि एकेक चाक, आधी पुढचं डावं, मग उजवं, म्हाताऱ्या माणसानं उंबरा ओलांडावा तसं मोरीत उतरवलं आणि वर काढलं. पाळणा वर जरासा हलला. शॉकअपनी एकदा श्वास घेतला आणि गप्प बसले.

"आपा," यामिले रडत म्हणाली, "उडी घेतली असती तरी चाललं असतं. डॉक्टर म्हणाले होते."

"डॉक्टरला काय कळतं पाट्यांतलं?"

मग मी भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. चौकाला दोन फेऱ्या मारल्या. पंच ओरडत होते एकच फेरी, एकच फेरी. मी रडत होतो आणि बेसूर गात होतो, आणि आज कोणी कान झाकले नाहीत.

मागून नोएमी ओरडली, "कळलं एकदाचं! काल स्वतःच्या हातानं बांधलास, म्हाताऱ्या!"

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू हेच केलं असतंस म्हणून! भोंगा वाजवत गावभर सांगितलं असतंस. आणि पुन्हा सप्टेंबरसारखं झालं असतं तर पोरीला ते गावभर पुसावं लागलं असतं."

मी गाणं थांबवलं. यामिलेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ते गाडीमुळे नव्हतं, आपा. तेव्हाही डॉक्टरनं सांगितलं होतं." हिला कसं कळलं की मी मनात तेच विचारत होतो?

तार्सिसिओनं अशी उडी घेतली की चारी चाकं हवेत, आणि एक चमचा पडला नाही. कप कायमचा त्याचा. खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. पाचेक मिनिटं वाटलं. मग तो कप घेऊन माझ्याकडे आला, टोपी काढली आणि म्हणाला, "दॉन लिबार्दो, नामकरणाला ह्याच कपातून चॉकलेट पिऊ. पण तेव्हा तरी वेळेवर या, तुम्हाला सगळं उशिरा कळतं."

मी त्याला मिठी मारली. लोकांनी फोटो काढले. माझ्या बापाचा कप मध्ये दोघांच्या पोटाला टोचत होता.

सोमवार, ३० जून

सकाळी बिऱ्हाड उतरवलं. पाळणा उतरवायला मात्र कोणाला हात लावू दिला नाही. गाठी इतक्या पक्क्या मारल्या होत्या की माझ्याच मला सुटेनात, शेवटी दुबेर्नेइनं सुरीनं दोर कापला. मग तो म्हणाला, "डिसेंबरात." एकच शब्द. पण मला वाटतं, जावयानं आजवर माझ्याशी बोललेल्या शब्दांपैकी हा सगळ्यात लांबलचक.

तडक भट्टीवर गेलो. आन्सिसार मला बघून दारातच हसायला लागला. सगळा डोंगर ओळखून होता, मला सोडून.

"आता काय?"

"काका काढ."

"वेडा झालास? एवढा जीव टाकून ठोकला! पुढच्या वर्षी शर्यत आहे."

"पुढच्या वर्षी बसव. तोवर भट्टीशी पडून राहू दे, आळशीच आहे तो. आणि वरच्या सहांतला एक पाटा अजून पातळ कर."

"मग ती ओझं उचलणार नाही, लिबार्दो. पोती, खत, केळी, काही नाही."

"ते तार्सिसिओ नेईल, मी बोललोय त्याच्याशी," मी म्हणालो. "डिसेंबरपर्यंत मारुखा फक्त माणसं नेणार."

आन्सिसारनं पाना उचलला आणि गाडीखाली सरकला. खालून म्हणाला, "अंडी घेऊन ये. पुन्हा परीक्षा घ्यावी लागेल."

अंडी मी आणलीच होती.